तुमचे प्रश्न : डोस हळूहळू वाढवायचाय, पण चिठ्ठीवर लिहायचा कसा?

गेल्या वेळी थायरॉइडच्या गोळीबद्दल लिहिताना मी एक वाक्य जाता जाता टाकलं होतं, की ज्या गोळीची पावर पायरीपायरीने वाढवायची असते ती चिठ्ठी बघून नाही, कॅलेंडर बघून घ्या. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. पेशंटची पत्रं आहेत, घरच्यांची आहेत, एका मेडिकलवाल्यांचं आहे, आणि पहिलं तर चक्क एका डॉक्टरचं आहे, म्हणून त्यालाच आधी घेते.

प्रश्न : मॅडम नमस्कार. एमबीबीएस झालोय, सध्या ग्रामीण रुग्णालयात बॉण्डवर आहे. परवा एका पेशंटसाठी जिल्ह्याच्या मानसोपचारवाल्या सरांना फोन केला तर ते म्हणाले लॅमोट्रिजिन (फिटची आणि मूडच्या आजाराची गोळी) सुरू कर आणि टायट्रेट कर (म्हणजे डोस पायरीपायरीने वाढव), आणि फोन कट झाला. मी चिठ्ठीवर २५, ५०, १०० अशा तीन गोळ्या लिहिल्या आणि पुढे 'टायट्रेट' असं लिहिलं. थोड्या वेळाने बाहेरचा मेडिकलवाला ती चिठ्ठी घेऊन परत आला, म्हणे डॉक्टर यातली नक्की कुठली देऊ. लाज वाटली. आमचे पेशंट ४० किलोमीटरवरून एसटीने येतात, दर पंधरा दिवसांनी बोलावलं तर मजुरी बुडते, नाही बोलावलं तर मला झोप लागत नाही. नक्की लिहू कसं? - एक तरुण डॉक्टर, तालुक्याच्या गावातून

उत्तर : तुला अरेतुरे करतेय, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. पहिलं म्हणजे 'टायट्रेट' हा चिठ्ठीवर लिहायचा शब्दच नाही रे, तो दोन डॉक्टरांनी आपापसात बोलायचा शब्द. चिठ्ठी वाचणार मेडिकलवाला, आणि घरी गेल्यावर पेशंटची सून नाहीतर आठवीतली नात. तुझा तो मेडिकलवाला परत आला ना, त्याला एकदा चहा पाज. माझा नव्हता आला.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पण अशाच तीन ओळी लिहिल्या होत्या, एकाखाली एक. २५ची चौदा दिवस, ५०ची चौदा दिवस, १००ची सात दिवस. तोंडी सगळं नीट सांगितलं होतं, बाईंनी मानही डोलावली होती. दुकानातून तिन्ही पाकिटं एकाच कागदी पिशवीत आली आणि बाईंनी पहिल्या रात्रीपासून तिन्ही गोळ्या घेतल्या. म्हणजे २५च्या जागी १७५ मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन, "मॅडम, दोन गोळ्या चौदा-चौदा आहेत आणि मोठी सातच दिलीये, मग ती आधी संपली की काय करायचं?" हातातला फोन तसाच धरून मी दोन मिनिटं गप्प. नशीब की त्या माणसाला हिशेब करायची सवय होती. गोळ्या थांबवल्या, पुढचे दोन महिने त्या बाईंची कातडी मी स्वतःच्या कातडीपेक्षा जास्त वेळा बघितली, काही झालं नाही, नंतर पहिल्यापासून नीट सुरू केली.

त्यांची चूक होती का? अजिबात नाही. आपल्याकडच्या चिठ्ठीत एकाखाली एक लिहिलं की त्याचा अर्थ 'आणि' असतो. बीपीची गोळी आणि शुगरची गोळी आणि पित्ताची गोळी. डोस वाढवायच्या चिठ्ठीत आपल्याला 'मग' म्हणायचं असतं, ही संपली मग ती. पण कागद दोन्हीकडे सारखाच दिसतो. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे, त्यामुळे तो 'मग' डोळ्यांना दिसेल असाच लिहायचा. माझ्या मते तो तारखेनेच दिसतो, दुसऱ्या कशाने नाही.

समज १ जूनला सुरू करतोयस आणि पेशंट दुसरं फिटचं औषध घेत नाहीये. तर असं लिही :

लॅमोट्रिजिन २५ मिलिग्रॅमची गोळी.
१ जून ते १४ जून : रोज रात्री एक गोळी.
१५ जून ते २८ जून : रोज रात्री दोन गोळ्या एकदम.
एकूण गोळ्या ४२.
२८ जूनच्या आत दाखवायला या. न दाखवता तिसरी गोळी वाढवायची नाही.

बघ, गोळी एकच आहे, पाकीट एकाच नावाचं आहे, बदलतो फक्त आकडा. मी पहिले चार आठवडे तरी २५चीच ठेवते. काही जण म्हणतात की गोळ्या खूप होतात, ५०ची लिहिली तर एकच घ्यावी लागते. खरंय, पण मग घरात २५ची उरलेली पाकिटं आणि ५०ची नवी अशी दोन्ही पडून राहतात आणि तिथे परत तो 'आणि' सुरू होतो. चार आठवड्यांनंतर पेशंट समोर बसलेला असताना १००ची दे, आणि जुनी पाकिटं मागून घे. पुढची पायरी एक आठवडा १०० आणि मग २००, मूडच्या आजारासाठी बहुतेकांना तिथेच थांबायचं असतं.

आता एवढं हळू का, हे पेशंटला सांगता यायला हवं. लॅमोट्रिजिन घाईने वाढवली तर क्वचित कातडीची भयंकर रिअ‍ॅक्शन येते, स्टीव्हन्स-जॉन्सन म्हणतात ती, कातडी भाजल्यासारखी सोलते, तोंड-डोळे आतून सोलवटतात. मोठ्या माणसांत गंभीर पुरळ येण्याचं प्रमाण हजारात एक ते तीनच्या आसपास, लहान मुलांत जास्त. जवळजवळ सगळ्या केसेस सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत होतात. धोका वाढवणाऱ्या गोष्टी तीन : सुरुवातच मोठ्या डोसने करणं, भराभर वाढवणं, आणि सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचं आणि मूडचं दुसरं औषध असणं. व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीराबाहेर पडू देत नाही, ती जवळपास दुप्पट वेळ रक्तात राहते. म्हणून व्हॅल्प्रोएट चालू असेल तर पहिले चौदा दिवस २५ची गोळी दिवसाआड, पुढचे चौदा दिवस रोज एक, आणि शेवटचा मुक्काम पण २०० नाही, १००. उलट कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन यांपैकी फिटचं एखादं औषध चालू असेल तर ती औषधं लॅमोट्रिजिन भराभर संपवतात, तिथे सुरुवातच रोज ५०ने होते. म्हणजे एकाच गोळीच्या तीन वेगळ्या शिड्या झाल्या, आणि कुठली लावायची हे पेशंटच्या पिशवीतल्या बाकीच्या पाकिटांवर ठरतं. पिशवी ओतून बघ. बायकांना गर्भनिरोधक गोळीचं आवर्जून विचार, कारण इस्ट्रोजेनवाल्या गोळीने लॅमोट्रिजिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येऊ शकतं आणि ही गोष्ट बायका आपणहून सांगत नाहीत.

आता बारीकसारीक पण जिथे खरी माती होते त्या गोष्टी. '०-०-२ × १४', म्हणजे रात्री दोन, असं लिहिलंस तर तुझ्या डोक्यात चौदा दिवस असतात आणि मेडिकलवाला चौदा गोळ्या देतो, म्हणजे आठवड्यात संपल्या. मराठी आकडे वापरायची हौस असेल तर अक्षरात पण लिही, कारण आपला १ घाईत इंग्रजी नऊसारखाच दिसतो, मी स्वतः बघितलंय. अर्ध्या मिलिग्रॅमचं औषध असेल तर पॉइंटच्या आधी शून्य हवंच, आणि पूर्ण आकड्यापुढे पॉइंट शून्य नकोच, नाहीतर एकाचे दहा होतात. गोळीचं नाव मोठ्या अक्षरात आणि पूर्ण, लॅमो एवढंच लिहून सोडलंस तर लॅमिव्ह्युडिन पण लॅमोच्याच शेजारच्या कप्प्यात असते आणि ते एचआयव्हीचं औषध आहे.

आणि दिवसाआड! हा शब्द सगळ्यांना कळतो असं आपल्याला वाटतं. "आज घेतली, मग परवा घ्यायची" असं सांगितलं तर एक आजोबा म्हणाले परवा तर घेतलीच होती की. आता आपला 'परवा' मागे पण जातो आणि पुढे पण, त्यांचं काय चुकलं? एकदा मी शहाणपणा करून 'विषम तारखांना घ्या' असं लिहिलं, तर महिना ३१चा निघाला आणि ३१ला पण गोळी नि १ला पण गोळी. तेव्हापासून सातच्या सात तारखा लिहून देते. घरी भिंतीवर कॅलेंडर असतंच, जिथे दूधवाल्याचे खाडे मांडतात, तिथे गोल करायला सांगते.

शेवटची ओळ धोक्याची, आणि ती पेशंटच्या भाषेत. 'रॅश आल्यास कळवा' असं लिहून काही होत नाही, कारण आपल्याकडे रॅश कोणाला येतच नाही, 'पित्त उठतं' किंवा 'गोळी गरम पडते'. मग घरचे आमसुलाचं पाणी चोळतात, दुकानातून खाजेची गोळी आणतात आणि लॅमोट्रिजिन चालूच. म्हणून मी अशी लिहिते : अंगावर पित्त उठलं, पुरळ आलं, तोंड आलं, डोळे लाल झाले किंवा ताप आला तर त्या दिवशीची गोळी घेऊ नका, लगेच फोन करा, आमसूल लावत बसू नका. लोक हसतात त्या आमसुलावर, पण लक्षात राहतं.

एसटीचं म्हणशील तर चार आठवड्यांचं एका चिठ्ठीवर दे, दर पंधरा दिवसांनी बोलावायची गरज नाही. चौदाव्या दिवशी एक फोन, तू कर किंवा गावच्या आशाताईंना करायला सांग, दोनच प्रश्न, अंगावर काही आलंय का आणि पाकिटात किती गोळ्या उरल्यात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २८ आलं पाहिजे. त्यापेक्षा कमी आलं तर त्यांना एसटीत बसव.

प्रश्न : मॅडम, माझे बाबा ६८ वर्षांचे. हार्टचं पंपिंग ३० टक्के आहे असं टूडी एकोत आलं. डॉक्टरांनी कार्वेडिलॉल ३.१२५ची दोनदा सुरू केली आणि दर दोन आठवड्यांनी दुप्पट करणार म्हणाले. आता ६.२५वर आहेत, बीपी १०४/६६ असतं, सुरुवातीला जास्तच थकल्यासारखे झाले होते, आता बरे आहेत. शेजारच्या काकू हॉस्पिटलात नर्स होत्या, त्या म्हणतात बीपी एवढं कमी असताना बीपीचीच गोळी वाढवतात का कुठे, आणि माणूस बरा असताना पावर कशाला वाढवायची. आम्ही घाबरून पुढची पायरी थांबवलीये. - एक मुलगी, नाशिक

उत्तर : काकूंना हसू नका, त्या शिकल्या तेव्हा हेच शिकवत होते. मी एमबीबीएसला असताना हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर, म्हणजे बाबांच्या कार्वेडिलॉलच्या गटातलं औषध, द्यायचं असं परीक्षेत लिहिलं असतं तर सरांनी पेपर फेकून दिला असता. कमकुवत हृदयाला अजून मंद करणारं औषध कोण देणार? पण १९७५ साली स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात फिन वागस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात पेशंटना ते दिलं आणि त्यांची तब्येत सुधारली. लोकांना पटायला आणखी वीसेक वर्षं गेली. १९९९ साली दोन मोठे अभ्यास आले, एक बिसोप्रोलॉलचा, एक मेटोप्रोलॉलचा, ही पण याच गटातली औषधं, दोन्हीत मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले आणि दोन्ही वेळेआधी थांबवावे लागले कारण फायदा उघड दिसत होता. आणि दोन्हीत औषध असंच चिमूटभर सुरू करून वाढवत नेलं होतं, बिसोप्रोलॉल १.२५पासून १०पर्यंत.

बाबांचं हृदय थकलंय, आणि शरीर त्याला अ‍ॅड्रिनलिनची पराणी टोचत राहतं, चल चल म्हणून. थकलेला बैल पराणीने चार पावलं जास्त चालतो आणि मग बसतोच. ही गोळी पराणी काढून घेते. एकदम काढली तर बैल त्याच जागी बसेल, म्हणून पावशेर पावशेर काढायची. प्रत्येक पायरीनंतर आठ-दहा दिवस थकवा वाटतो तो त्याचाच, आणि खरा फायदा, म्हणजे एकोतलं पंपिंग वाढणं, तो काही महिन्यांनी दिसतो. म्हणून "बरे आहेत मग कशाला" हे इथे चालत नाही. ही गोळी आज बरं वाटायला नाहीये. २५ची दोनदा हे साधारण ध्येय, वजन ८५ किलोच्या वर असेल तर ५०. तिथपर्यंत नाही पोचले तर बाबांना झेपेल ती सगळ्यात वरची पायरी, आणि मधल्या पायरीवर महिनाभर थांबले म्हणून काही नापास झाले नाहीत.

बीपीचा आकडा १०४ असला आणि उभं राहिल्यावर चक्कर येत नसेल, लघवी नीट होत असेल, तर बहुतेक हार्टचे डॉक्टर पुढे जातात. पण थांबायचं की जायचं हे काकूंनी नाही, तुम्ही पण नाही, त्यांनीच ठरवायचं, आणि तुम्ही परस्पर थांबवलंय हे त्यांना आजच कळवा. त्यांना असं वाटत असणार की बाबा १२.५वर आहेत आणि पुढच्या भेटीत ते २५ लिहून मोकळे होतील. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त घाबरवते. गोळी एकदम बंद तर कधीच करायची नाही.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा, वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले, रात्री उशा वाढवाव्या लागल्या, नाडी ५०च्या खाली गेली, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढची पायरी न चढता फोन. गोळी जेवणाबरोबर द्या, म्हणजे बीपी झपकन खाली येत नाही.

आणि या गोळीच्या आकड्यांची एक गंमत, गंमत कसली, डोकेदुखी. ३.१२५, ६.२५, १२.५, २५. प्रत्येकात पॉइंट वेगळ्या जागी. चिठ्ठीवर पॉइंट पुसट आला की ६.२५चे ६२५ होतात, आणि १२.५ आणि १.२५ यांत तर फक्त एक ठिपका इकडचा तिकडे. आपल्या जुन्या मराठी आकड्यांनी इथे मला वाचवलंय. सव्वासहा, साडेबारा, पंचवीस असं मी अक्षरात लिहून देते आणि आजोबा लोकांना ते पटकन कळतं. फक्त पहिलीला सव्वातीन म्हणू नका, हिशेबाने ती सव्वातीनला जराशी कमी पडते, तिला सरळ 'सगळ्यात लहान गोळी' म्हणा.

जाता जाता, हळू म्हणजे रेंगाळत असंही नाही. २०२२ साली एक अभ्यास छापून आला, त्यात हॉस्पिटलमधून सोडल्यावर दोन आठवड्यांतच हार्टची औषधं पूर्ण डोसकडे नेली, पण पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात बोलावून तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने परत भरती होणं नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के होतं ते १५.२वर आलं. बघणारं कोणी असेल तर भराभर चढता येतं. घरच्या घरी, शेजारच्या सल्ल्याने, नाही.

प्रश्न : वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन, टिर्झेपटाइड, अडीचचं घेतेय, तीन आठवडे झाले, एक किलो पण हललं नाही. मैत्रीण साडेसातवर आहे आणि मस्त बारीक झाली. तिचं एक पेन शिल्लक आहे. मी थेट ते घेऊ का? - पुणे

उत्तर : नको गं. अडीच मिलिग्रॅम हा वजन उतरवायचा डोस नाहीच, तो पोटाला ओळख करून द्यायचा डोस आहे. चार आठवडे अडीच, मग पाच, त्यानंतर प्रत्येक वाढ अडीचची आणि प्रत्येक पायरीवर निदान चार आठवडे. हे औषध अर्धं उतरायलाच पाच दिवस लागतात, म्हणजे आज घेतलेल्या इंजेक्शनवर पुढच्या आठवड्याचं चढतं, त्यावर त्याच्या पुढचं, आणि पातळी स्थिर व्हायला महिना जातो. तू तीन आठवड्यांत निकाल मागतेयस. उडी मारलीस तर उलट्या-जुलाब, अंगातलं पाणी जातं आणि किडनीवर येतं. मैत्रिणीचं पेन मैत्रिणीलाच राहू दे, पेन दोघींत वापरायची वस्तू नाही.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीवर लिहिलेली मी फार कमी वेळा बघते. गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर हे इंजेक्शन सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वाढीनंतर परत चार आठवडे दुसरी काळजी घ्यायची, निरोध वगैरे, कारण पोट सावकाश रिकामं होतं आणि गोळीचा भरवसा राहत नाही. तुला कोणी सांगितलं होतं का? नसेल सांगितलं.

प्रश्न : आमचं मेडिकल आहे, दुसरी पिढी. डॉक्टर लोक वाढत्या डोसची दोन महिन्यांची चिठ्ठी देतात आणि गिऱ्हाईक म्हणतं सगळं एकदम द्या, परत कोण येणार. काही जण सहा महिन्यांपूर्वीची सुरुवातीच्या डोसची चिठ्ठी घेऊन येतात. द्यायचं की नाही? आणि पाकीट दहाचं, चिठ्ठीवर चौदा गोळ्या, वरच्या सहा कोण घेणार? - कोल्हापूर

उत्तर : दादा, तुमच्या बाजूने नियम स्पष्ट आहे, फक्त काउंटरवर गर्दी असताना तो आठवत नाही. औषध नियमांतल्या ६५ क्रमांकाच्या नियमात आहे की चिठ्ठीवर तारीख, सही, पेशंटचं नाव-पत्ता, एकूण किती औषध द्यायचं आणि डोस किती हे सगळं हवं. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, डॉक्टरांनी परत द्या असं लिहिलं असेल तरच परत, आणि किती वेळा किंवा किती दिवसांनी हे लिहिलं असेल तर त्याच हिशेबाने. आणि दिल्यावर चिठ्ठीवर तुमच्या दुकानाचं नाव आणि तारीख टाकायची. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी तुमच्या शिक्क्यासकट परत आली तर तिचं काम झालेलं आहे. डॉक्टरांनी 'दर चौदा दिवसांनी द्यावे' असं लिहिलं तर गिऱ्हाइकाशी भांडायचं काम तुमचं राहत नाही, कागदच बोलतो. हे डॉक्टरांनी लिहायला हवं, आणि लिहीत नाहीत, हे आमचं पाप.

सगळं एकदम द्यायची वेळ आलीच तर निदान पिशव्या वेगळ्या करा. प्रत्येकीवर जाड पेनाने 'आधी ही, १४ जूनपर्यंत' आणि 'मग ही, १५ जूनपासून', आणि दुसरी पिशवी स्टेपल करून द्या. पिन काढायला लागली की माणूस एक क्षण थांबतो, तेवढं पुरतं. पाकीट कापताना मात्र नाव, पावर आणि एक्स्पायरी गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील असं कापा, नाहीतर घरी नुसत्या चांदीच्या चौकोनात सहा अनोळखी गोळ्या राहतात आणि पुढच्या डोकेदुखीला कोणीतरी त्या खातं. ५०ची शिल्लक नाही म्हणून १००ची देऊन अर्धी करा सांगणं हे फक्त डॉक्टरांना फोन करून, आणि नावापुढे एसआर, ईआर, एक्सएल असलेली गोळी तर मोडूच नका, ती हळूहळू विरघळावी म्हणून तशी बनवलेली असते.

वरच्या सहा गोळ्यांचं काय, याला माझ्याकडे पण चांगलं उत्तर नाही. मी चिठ्ठी लिहिताना सगळ्या पायऱ्यांची बेरीज करून देते, ४२ लागतात तर पाच पाकिटं आणि आठ उरतात, त्या पुढच्या भेटीला घेऊन यायला सांगते. आणतात निम्मे.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला असतो, वर्षभर मूडसाठी लॅमोट्रिजिन २०० चालू आहे, तब्येत एकदम ठीक. गणपतीला गावी सिंधुदुर्गात गेलो आणि गोळ्या इथेच राहिल्या. नऊ दिवस घेतली नाही, काही त्रास पण झाला नाही. आज आलोय, आज रात्रीपासून परत २०० सुरू करतो, बरोबर ना?

उत्तर : हे पत्र छापून यायची वाट मी बघितली नाही, त्याच दिवशी उत्तर पाठवलं, पण असं दरवर्षी गणपतीत आणि शिमग्याला कोणाचं ना कोणाचं होतं म्हणून इथे परत लिहितेय. नाही, बरोबर नाही. आज रात्री २०० घ्यायची नाही. पाच दिवसांहून जास्त खाडा झाला की लॅमोट्रिजिन अंगातून गेलेली असते आणि शरीराच्या दृष्टीने तुम्ही नवे पेशंट, मग तीच पहिली २५ची पायरी, तेच चौदा दिवस, त्याच पुरळाच्या धोक्यासकट. वर्षभर काही झालं नाही याचा इथे काही उपयोग नाही. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी नेहमीची एक घ्यायची, दोन करायच्या नाहीत. दोन-चार रात्री गेल्या तर डॉक्टरांना विचारून. प्रत्येक औषधाची ही मुदत वेगळी असते, क्लोझापिन या मानसिक आजाराच्या गोळीत तर ४८ तासांचा खाडा झाला तरी परत साडेबारापासून सुरुवात करायला लावतात.

तुमच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. परत चढायला पाचेक आठवडे जातील, त्या काळात मूड सांभाळायला सोबत काही द्यायचं का ते ते बघतील, आणि तुम्ही झोपेवर लक्ष ठेवा, दोन रात्री झोप कमी होऊनही ताजंतवानं वाटायला लागलं तर घरच्यांना सांगा. फिटसाठी ही गोळी घेणाऱ्यांनी तर फोनवर पण थांबू नये, सरळ जावं, खाड्यात झटका येऊ शकतो.

आणि गावी अशी वेळ आली तर कणकवली, सावंतवाडी, कुडाळ, सगळीकडे मेडिकल आहेत, ही काही दुर्मिळ गोळी नाही. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये होता का तुमच्या? डॉक्टरांना दुसऱ्याच दिवशी फोन केला असता तर तिथेच मिळायची सोय झाली असती. नव्या चिठ्ठीचा आजच काढून ठेवा, तारखा वाचता येतील असा.